अळीला सवय लागत नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

मराठवाड्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिका लिहितात : दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ मधला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. तो शिकवताना एका मुलाने विचारले, “मॅडम, माकडापासून माणूस झाला, तर आताची माकडं माणसं का होत नाहीत?” वर्ग हसला. मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून “परीक्षेला येईल तेवढं लिहा” असे सांगून मी पुढे गेले. दुसऱ्या दिवशी दोन पालक शाळेत आले. “आमच्या पोरांना माकडाची औलाद म्हणता काय?” असा त्यांचा सूर होता. मुख्याध्यापकांनी “वाद नको, पाठ वाचून घ्या आणि स्वाध्याय सोडवून घ्या” असे सुचवले. माझे सासरे कीर्तनकार आहेत, पंचक्रोशीत त्यांना मान आहे. पुढच्या कीर्तनात त्यांनी माझे नाव न घेता सांगितले, की डार्विन जे म्हणतो ते आपल्या दशावतारात आधीच आहे, तेव्हा भांडायचे कारण नाही. सगळे खूश झाले. सहकारी म्हणतात, हा नुसता सिद्धांत आहे, त्यावर जगभर वाद आहेत. मी स्वतः एकादशी करते, मामंजींबरोबर वारीलाही जाऊन आले आहे. मग वर्गात एक आणि घरात एक बोलणारी मी दुतोंडी आहे का? मामंजींचा तोडगा स्वीकारू, वाद घालू, की गुणांपुरते शिकवून मोकळी होऊ? (घरची चार एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस असून “मामंजी म्हणतात, अळीला आता बीटीची सवय झालीय” असेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे.)

उत्तर :

ताई,

तुम्ही तीन वाटा समोर ठेवल्या आहेत आणि त्यांपैकी कोणती धरू, असे विचारले आहे. मला मात्र तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य ते शेवटचे वाटले, जे तुम्ही प्रश्नाशी संबंध नाही असे समजून लिहून गेलात. त्या अळीकडे मी सावकाश येणार आहे. आधी तुमच्या प्रश्नामागे जे गृहीत धरलेले दिसते, ते एकेक करून तपासू.

सहकाऱ्यांचे म्हणणे प्रथम घेतो, कारण ते लवकर निकालात निघते. ‘नुसता सिद्धांत’ हा शब्दप्रयोग मराठीत मुळात बसतच नाही. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडून, त्याचे खंडन करून, अखेरीस जे सिद्ध होऊन उरते त्याला सिद्धांत म्हणतात. नुसता अंदाज असू शकतो, नुसता तर्क असू शकतो. डाल्टनचा अणुसिद्धांत शिकवताना तुमच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘नुसता’ म्हटले असेल, असे मला वाटत नाही. हा आक्षेप इंग्रजीतून आयता उचललेला आहे, जिथे त्यासाठीचा शब्द रोजच्या बोलण्यात ‘अंदाज’ या अर्थानेही चालतो. आपल्या भाषेने घोळ केला आहे तो दुसऱ्याच शब्दांत. ‘उत्क्रांतिवाद’ म्हटले की ‘वाद’ म्हणजे विचारप्रणाली हे बाजूला राहते आणि कानाला भांडणच ऐकू येते. शिवाय ‘उत्क्रांती’तला ‘उत्’ वर चढत गेल्याचा भास निर्माण करतो, जणू काही खालच्या पायरीवर बेडूक, मधल्या पायरीवर माकड आणि गच्चीवर आपण. जुन्या वेदान्तग्रंथांत तर हा शब्द प्राण शरीर सोडून जाण्यासाठी वापरला जात असे, तेव्हा त्याला नवे काम देताना थोडी ओढाताण होणारच होती. वर्गात शक्य तेथे ‘नैसर्गिक निवड’ हेच शब्द वापरा. त्यांत शिडी नाही.

जगभर वाद आहेत, हे खरे. मात्र कोणते वाद, हे विचारल्याशिवाय ते वाक्य पुढे जाऊ देऊ नये. डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरचे लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात डार्विनचे पुस्तक आले आणि आक्षेपांची रांग लागली. त्यांतले काही आक्षेप खरोखरच जड होते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचे जे वय काढले, ते एवढी विविधता घडायला फारच अपुरे पडत होते. आईवडिलांचे गुण दोन रंगांसारखे एकमेकांत मिसळतात, असा त्या काळचा समज होता. तसे असेल तर कोणताही नवा गुण काही पिढ्यांत पातळ होऊन नाहीसा होईल, या शंकेवर डार्विनपाशी धड उत्तर नव्हते. पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असल्याचे ठरले. मेंडेलचे वाटाण्यांवरचे काम १८६६ मध्ये छापले जाऊनही दुर्लक्षित पडले होते, ते १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले आणि गुण मिसळून पातळ होत नाहीत, हे कळले. असे वाद पुराव्याने मिटतात, आणि नवे सुरू होतात. १९६८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ मोटू किमुरा यांनी रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल निवडीमुळे नव्हे तर योगायोगाने टिकतात, असे मांडले आणि निवडीचा वाटा किती व योगायोगाचा किती, याची चर्चा अजून चालते. मात्र ही चर्चा गावात रस्ता कोणत्या बाजूने आला याची आहे. गाव आहे की नाही, याची नव्हे.

दुसऱ्या जातीचे वाद शाळेच्या दारात होतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९२५ मध्ये जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला आणि १०० डॉलरचा दंड झाला. दूर कशाला, तुमच्याच मराठवाड्यात, औरंगाबादला, जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही, असे म्हटले होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचे खंडन केले. २०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाची पुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी पत्रावर सह्या करून विरोध नोंदवला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलाला तो भेटणारच नाही, हे त्यातले दुखणे. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकातला जो पाठ तुम्हाला अडचणीचा वाटतो आहे, तो तुमच्या वर्गातील बहुतेक मुलांची या विषयाशी पहिली आणि शेवटची गाठ असेल.

आता त्या मुलाचा प्रश्न. मंत्र्यांसारखीच शंका त्याने विचारली, फक्त त्याला उत्तर हवे होते. ‘माकडापासून माणूस झाला’ असे आपण मोठी माणसे इतक्या सहज बोलतो, की ते ऐकून कोणाही चौकस मुलाला हाच प्रश्न पडावा. चूक प्रश्नात नाही, वाक्यात आहे. त्याला भावकीचे उदाहरण द्या. गावात एकाच आडनावाची पंधरा-वीस घरे असतात, ती कधीकाळी एकाच मूळ पुरुषापासून फुटलेली असतात. कोणी चुलत्याच्या घराकडे बोट दाखवून “आपण जर त्याच वंशातले, तर ते लोक अजून कसे आहेत, ते आपले घर का झाले नाही?” असे विचारत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तो माणूस नव्हता आणि चिंपांझीही नव्हता. कौलांवर उड्या मारणारे वानर तर आणखी लांबची भावकी, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झालेली. ते माणूस व्हायच्या वाटेवर नाही, कारण अशी वाटच नाही. वानर होऊन राहण्यात ते आपल्याइतकेच मुरलेले आहे. राहता राहिला ‘माकडाची औलाद’ हा पालकांचा राग. आपल्या भाषेने कण्याच्या शेवटच्या हाडाला ‘माकडहाड’ हे नाव डार्विनला न विचारता देऊन ठेवले आहे, आणि पायरीवरून घसरलेल्या कोणत्याही पालकाने ते दुखत असल्याचे सांगताना कुळाचा अपमान झाल्याची तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.

पण खरे सांगू का, हा पाठ माकडापासून सुरू करणे हीच मूळ गफलत आहे. मी स्वतः बरीच वर्षे तसाच शिकवत होतो आणि दरवर्षी तोच हशा ऐकत होतो. जे कोणी पाहिलेले नाही आणि ज्यात आपला मान गुंतलेला आहे, तेथून सुरुवात करायची आणि मग मुलांनी शांतपणे पुरावा तोलावा अशी अपेक्षा करायची, हे जमणारे नाही. तुमच्या घरच्या चार एकरांत निवडीचे जे काम चालू आहे, तेथून सुरुवात करा.

बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातल्यामुळे झाड स्वतःच असे प्रथिन तयार करते, की ते पोटात गेल्यावर अळीच्या आतड्याच्या पेशींना चिकटते, तेथे भोके पाडते आणि अळी मरते. २००६ मध्ये अशी दोन प्रथिने असलेले बियाणे आले. काही वर्षे फवारण्या कमी झाल्या, शेतकरी सुखावला. त्यानंतर गुजरातमध्ये पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळली, पुढे ती दुसऱ्यालाही पुरून उरली, आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात काय झाले, ते तुमच्या घराने पाहिलेच असेल. ज्यांनी पाहिले नाही त्या वाचकांसाठी सांगतो : कापसाचे फूल उमलायच्या वेळी उमलत नाही; पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटून मिटलेल्या गुलाबासारख्या राहतात. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. नखाने पाकळ्या सोडवल्या की आत बारीक रेशमी धागा, कुरतडलेले पुंकेसर आणि एक लहानशी अळी सापडते. सुरुवातीला पांढुरकी, मोठी झाली की गुलाबी. बोंडात शिरलेली अळी तर बाहेरून कळतही नाही, कारण ती आत गेल्यावर छिद्र भरून येते. बोंड वरून धडधाकट दिसते आणि आतली सरकी पोखरलेली असते.

मामंजी म्हणतात, अळीला सवय झाली. गावोगाव असेच म्हणतात, आणि या एका शब्दात सारा पाठ अडकलेला आहे. एखाद्या अळीने बीटीचे पान थोडेथोडे खाल्ले, आजारी पडली, सावरली आणि मग ते तिच्या अंगवळणी पडले, असे काहीही झालेले नाही. जिला ते प्रथिन बाधत होते, ती अंड्यातून निघाल्यावर लगेच मेली. सवय लागायला तिला उसंतच मिळाली नाही. मात्र असंख्य अळ्यांमध्ये एखादी अशी होती, की तिच्या आतड्याची घडण जन्मतःच किंचित निराळी असल्याने ते प्रथिन तेथे नीट चिकटत नव्हते. ही निराळी अळी बीटीमुळे जन्मली नाही. बीटी येण्याच्या आधीही तशा थोड्या होत्या, फक्त त्या निराळेपणाचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. शेतातली झाडून सारी पऱ्हाटी बीटी झाल्यावर त्याच तेवढ्या जगल्या, त्यांचे पतंग झाले, त्यांनीच अंडी घातली. गुलाबी बोंडअळीच्या एका हंगामात कितीतरी पिढ्या होतात, आणि फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तीच पऱ्हाटी पुन्हा बोंडांसाठी शेतात राखली, की आणखी वाढतात. आठ-दहा वर्षांत ‘एखादी’ची ‘बहुतेक’ झाली. कोणतीही एक अळी बदलली नाही. अळ्यांचा जमाव बदलला. सवय जिवंत राहणाऱ्याला लागते, निवड मात्र मेलेल्यांच्या आणि जगलेल्यांच्या हिशेबातून होते. हा फरक ज्या मुलाला कळला, त्याला नैसर्गिक निवड कळली. मग त्याला तिन्ही अटी पाठ करायची गरज नाही : जिवांमध्ये फरक असणे, तो फरक संततीत उतरणे आणि त्या फरकामुळे कोणाची संतती अधिक तर कोणाची कमी मागे राहणे.

याच गोष्टीचा एक कडू भाग मामंजींना आठवत असेल. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट येत असे आणि ते शेताच्या कडेने लावायचे होते. आमच्या चुलत्यांकडे ती पाकिटे माळ्यावर धूळ खात पडलेली मी पाहिली आहेत. “अळीला खायला म्हणून कोण पेरणार?” असे ते म्हणत, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यामागचे कारण त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते. कडेच्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा त्या मोजक्या निराळ्या पतंगांशी संयोग व्हावा आणि होणाऱ्या संततीला निराळेपणा एकाच बाजूने मिळाल्यामुळे ती बीटीवर मरावी, असा तो हिशेब होता. हिरवी बोंडअळी आपल्याकडे बीटीला इतक्या लवकर पुरून का उरली नाही, याचे एक कारणही येथेच आहे : ती तूर, हरभरा, टोमॅटो असे बरेच काही खाते, म्हणून साध्या अळ्यांना आसरा आपोआप मिळत राहिला. गुलाबी अळीचे पोट जवळजवळ सगळे कापसावर. अलीकडे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देतात, ते शेतकऱ्याच्या हातून निसटू नये म्हणूनच. नैसर्गिक निवड समजली नाही म्हणून केवढा तोटा होतो, याचे याहून जवळचे उदाहरण माझ्यापाशी नाही, आणि एवढे सांगताना माकडाचा विषय एकदाही निघाला नाही, हेही लक्षात घ्या.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. हे शिकवताना ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपल्या तोंडी हटकून येते. ती येऊ देऊ नका. डोमकळीतली अळी बलवान नव्हती, त्या शेतात तगून राहण्याजोगी होती, इतकेच. आणि तगण्याजोगे असणे परिस्थितीवर ठरते. गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. त्या जनुकाची जोडी मिळालेल्या मुलाला यातनामय आजार होतो, पण एकच प्रत मिळालेल्याला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत ते जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. येथे बळी कोण आणि कान कोणाचा? या म्हणीच्या आधाराने वंशाची, जातीची उच्चनीचता ‘शास्त्रीय’ ठरवण्याचे उद्योग जगात भरपूर झाले आहेत. त्यांचा डार्विनच्या नावाशी संबंध लावला जातो, अळीच्या हिशेबाशी मात्र लागत नाही.

यावर एखादा हुशार पालक म्हणेल, “ठीक आहे, पण अळी अळीच राहिली ना? तिचे दुसरे काही झाले का?” हा आक्षेप चांगला आहे, त्याला टाळू नका. दहा वर्षांत जे दिसते ते दहा वर्षांपुरतेच असते. कोट्यवधी वर्षांचे पाहायचे तर दगड फोडावे लागतात, आणि सुदैवाने तसे उत्तम दगड आपल्याच देशात निघाले आहेत. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातील कालाकोट भागात भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जीवाश्म असलेले दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात ते हान्स थेविसन या संशोधकाकडे गेले आणि २००७ मध्ये त्यांतून सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या, मांजराएवढ्या, खुरे असलेल्या एका चौपायी प्राण्याचे देवमाशाशी असलेले नाते उमगले. त्याला इंडोह्यूस म्हणतात. त्याच्या कानाच्या हाडाची एक भिंत अशी जाड आहे, की ती ठेवण एरवी केवळ देवमाशांत दिसते. कच्छमध्ये पुढच्या टप्प्याचे, पाय असलेले आणि पाण्यात वावरणारे देवमाशांचे पूर्वज सापडले आहेत. आजच्या देवमाशाच्या पोटात मागच्या पायांच्या कमरेची छोटी हाडे अजून आहेत, त्यांना पाय मात्र जोडलेले नाहीत. आपण त्याला मासा म्हणतो खरे, पण तो पिलांना दूध पाजतो, हवेत श्वास घेतो, आणि आज जिवंत असलेल्यांमध्ये त्याचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे. डुक्करही त्याच समखुरी प्राण्यांच्या मोठ्या कुळातले.

यामुळे आपण दशावताराशी येऊन पोचतो. मत्स्य, कूर्म, वराह, मग नरसिंह, मग वामन. आधी पाण्यातला, मग दोन्हीकडचा, मग जमिनीवरचा, हा क्रम ऐकायला फार जुळता वाटतो, आणि मामंजींसारखेच अनेक विद्वान त्याच्या मोहात पडले आहेत. पण देवमाशाच्या गोष्टीत क्रम उलटा आहे : तेथे वराहाचे गोत मत्स्य व्हायला निघाले आहे. नैसर्गिक निवडीला ठरलेली दिशा नसते, जिथे तगता येईल तिकडे वंश सरकतो. त्याहून मोठा फरक हेतूचा आहे. अवतारात एकच परमात्मा, एका कार्यासाठी, जाणूनबुजून रूप धारण करतो. ती भक्ताच्या हाकेला दिलेली ओ आहे. अळीच्या आतड्याला कोणतीही हाक ऐकू गेली नव्हती. शिवाय कथा फार लवचीक असतात. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त याच मत्स्य-कच्छ-वराहांचा अर्थ बाहेरून आलेल्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास असा लावला. ज्या कथेतून एकाला जीवशास्त्र आणि दुसऱ्याला राजकीय इतिहास काढता येतो, ती कथा समृद्ध खरी, पण तिला कोणाच्याही बाजूने साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही. आणि मला विचाराल तर या तोडग्यात विज्ञानाहून अधिक नुकसान अवतारांचे होते. नरसिंहाला ‘मधला दुवा’ करून टाकले, की प्रल्हादाचे काय उरते?

म्हणून मामंजींचा तोडगा वर्गात आणू नका, असेच मी सांगेन. मात्र त्यांच्याशी वादही घालू नका, कारण तुम्ही एक गोष्ट नजरेआड केली आहे असे मला वाटते. ते तुमच्या विरोधात बोललेच नाहीत. गावात सुनेविषयी कुजबुज सुरू झाल्यावर त्यांनी नाव न घेता, आपल्या शब्दाचे वजन वापरून ती थांबवली. त्यांच्या तोडग्यात शास्त्र कच्चे असेल, पण तो तुमच्यासाठी काढलेला होता. तेव्हा बोलायचे ते घरी, आणि दशावतारावरून नव्हे तर पऱ्हाटीवरून. “मामंजी, ती १२० ग्रॅमची पाकिटं आपण काय करायचो?” एवढे विचारा आणि ऐका. ज्याने २०१७ ची बोंडे स्वतःच्या हाताने फोडली आहेत, त्याला सवय आणि निवड यांतला फरक समजायला पदवी लागत नाही.

आणि तुम्ही दुतोंडी आहात का? अमेरिकेत डार्विनची बाजू सर्वांआधी हिरिरीने मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. विसाव्या शतकात या शास्त्राची पुनर्मांडणी करणाऱ्यांपैकी एक, थिओडोसियस डॉब्झान्स्की, हेही धर्म मानणारे होते. ही नावे मी तुम्हाला परवानगी म्हणून देत नाही. काहींना या शास्त्राच्या अभ्यासाने श्रद्धा सोडावीशी वाटली, हेही तितकेच खरे आहे, आणि तो ज्याचा त्याचा प्रवास आहे. तुमची एकादशी पोखरलेल्या सरकीविषयी काही दावा करत नाही, आणि अळीचा हिशेब पंढरीला का जावे याविषयी काही बोलत नाही. दुतोंडेपणा झाला असेल तर तो त्या दिवशी, “परीक्षेला येईल तेवढं लिहा” म्हणताना झाला. स्वतःला पटलेली गोष्ट तुम्ही न पटल्यासारखी पुढे सरकवली. त्यापुरते वाईट वाटू द्या, बाकीचे ओझे उतरवा.

गुणांपुरते शिकवण्याच्या वाटेविषयी म्हणूनच वेगळे लिहायला नको. मुख्याध्यापकांना वादाची भीती आहे, पाठाची नाही. त्यांच्याकडे चार तासिकांचे लेखी नियोजन घेऊन जा, पाठ मंडळाचा आहे हे शांतपणे दाखवा आणि पहिल्या दोन तासिका बोंडअळीवर आहेत, हे सांगा. आक्षेप घेणाऱ्या पालकांना त्याच तासिकांना बोलवा. त्यांतले बहुतेक कापूस लावणारेच असतील आणि अळीविषयी त्यांना तुमच्याहून अधिक माहीत असेल. मुलांना ‘तुम्ही हे मानता का?’ असे कधीही विचारू नका, आणि त्यांनी विचारले तर ‘मानण्याचे नंतर पाहू, आधी मोजू’ असे म्हणा. शहरातल्या शिक्षकांना आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांना कापूस हाताशी नसेल, तर डास मारायच्या औषधांचा किंवा अर्धवट सोडलेल्या प्रतिजैविकांचा दाखला चालेल. तेथेही ‘जंतूला सवय झाली’ हाच शब्द भेटेल आणि तेथेही तो सोडवून दाखवावा लागेल.

मोजण्याचा एक खेळ सांगतो. काळे घोंगडे अंथरा. त्यावर पन्नास दाणे ज्वारीचे आणि पन्नास अख्ख्या उडदाचे विखरून टाका. मुलांना पाखरे समजा आणि तीस सेकंदांत एका हाताने, एका वेळी एकच, दिसेल तो दाणा उचलायला सांगा. उरलेले दाणे मोजा, ज्वारी जितकी उरली तितकी आणखी ज्वारी आणि उडीद जितका उरला तितका आणखी उडीद टाका. ही झाली पुढची पिढी. चार-पाच फेऱ्यांत घोंगडे जवळजवळ उडदाचे होते. एकही दाणा रंग बदलत नाही, कोणालाही उडीद ‘व्हायचे’ नसते. मग घोंगडे काढून पांढरे धोतर अंथरा आणि पुन्हा खेळा. धोतरासाठी मामंजींकडेच मागा.

पाठ नव्याने सुरू करताना त्या मुलाला आधी सांगा, की त्याचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर द्यायला तुम्हाला उशीर झाला. पात्या लागून फुले येऊ लागली की डोमकळ्या मिळतील. आठ-दहा तोडून, तोंडाला कापड बांधलेल्या बरणीत घालून वर्गात आणा, आणि दाण्यांच्या मोजणीची वही त्याच मुलाच्या हातात द्या.